माशांच्या डोक्यावरचं छप्पर

अहो वहिनी, खिडकी लावून उपयोग नाही. तो आवाज आज थांबायचा नाही. सर्रसर्र चाललंय तो रंधा, आणि मधूनच किंचाळतं ते खाच पाडायचं मशीन. सुतार नाही बोलावलेला कुणी. सुतार असता तर जेवायला तरी थांबला असता. हे आमचे पलीकडचे काका. तुमची भिंत मला लागून, माझी त्यांना लागून. म्हणजे तुमच्या वाट्याला आवाज तरी निम्मा येतो. माझ्याकडे आवाज, भुसा आणि काकूंच्या तक्रारी, तिन्ही येतात. ती कुंडी सरकवा जरा, टेका कठड्यावर. मी अवरेकाई सोलतेय, तुम्हीही घ्या एक ओंजळ. आपले पावटेच हे, पण थंडीत इथली माणसं यांच्यापायी वेडी होतात. आधी शेंगेतून दाणा काढायचा, मग दाण्याची साल. चिमटीत दाबा, आपोआप सटकतो. हां, अस्सं. हात चालू राहिले की तोंडही चालतं.

परवा तुम्ही विचारलंत ना, इथं मराठी बोलायला कुणी मिळेल का? अहो, ज्या काडू मल्लेश्वराच्या देवळावरून आपल्या या मल्लेश्वरमला नाव पडलं, त्या देवाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा 1669 सालचा शिलालेख आहे. त्याआधी शहाजीराजांची जहागीर होती ही. तुम्ही पुण्याहून आलात म्हणजे काही परमुलखात नाही आलात. काका तर जन्मापासून इथलेच, काकू सावंतवाडीच्या. भांडण मालवणीत होतं, समेट मराठीत, आणि भाजीवाल्याशी हुज्जत कन्नडमध्ये.

काकांची सगळी नोकरी एचएमटीत गेली, जळहळ्ळीला. मशिन टूल्स. तिथं माणूस केसाच्या जाडीचे दहा भाग करून त्यातल्या एका भागावरून भांडायचा. तसला माणूस निवृत्त होऊन घरात बसला की काय होतं, ते काकूंना विचारा. आधी त्यांनी घरातली सगळी दारं सरळ केली. मग माझ्या घराची केली. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा टाकी आली.

गेल्या वर्षी याच सुमाराला कोरमंगलाकडचं एक कुटुंब कॅनडाला निघालं. बंगळूरचं हे नेहमीचंच आहे: माणसं विमानात बसतात आणि त्यांचे सोफे, सायकली, फ्रिज आपल्या गल्लीत उतरतात. त्यांच्याकडची फिशटँक काकांनी घेतली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चोवीस घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर 680 लिटर. बारा मिलिमीटरची काच; रिकामी टाकीच सव्वाशे किलो. टेम्पोतून उतरवायला गल्लीतले सगळे पुरुष लागले, आणि जे आले नाहीत त्यांची नावं काकूंना अजून पाठ आहेत.

काकांना ती मागाहून चढवलेल्या वरच्या खोलीत हवी होती. त्यांचा भाचा सिव्हिल इंजिनीअर. तो म्हणाला, मामा, राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो धरून करतात, आयएस 875 काढून बघा. तुमची टाकी पाणी, वाळू, लोखंडी स्टँड धरून नऊशेच्या घरात जाणार आणि ते सगळं वजन एक-सव्वा चौरस मीटरवर उभं राहणार. काकांनी पुस्तक काढून बघितलं. दुसऱ्याच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसतो, पण छापील आकड्यापुढे ते मान तुकवतात. टाकी खालच्या हॉलमध्ये आली, देवघराशेजारी. काकू म्हणाल्या, बरं झालं, निदान देवाच्या नजरेखाली तरी राहतील.

कोण म्हणजे? मासे हो.

मासे त्यांनी आणले मिस केरळ. नाव ऐकून काकूंच्या भुवया चढल्या होत्या, पण मासा आहे मात्र देखणा. रुपेरी अंग, तोंडापासून निम्म्या अंगापर्यंत लाल रेघ आणि तिच्याखालून शेपटीपर्यंत काळा पट्टा. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या वेगवान नद्यांतला, केरळातला आणि आपल्या कर्नाटकाच्या दक्षिणेकडचा. 1865 साली फ्रान्सिस डे नावाच्या, मद्रासच्या लष्करातल्या डॉक्टरानं त्याची नोंद केली आणि नाव दिलं गव्हर्नर डेनिसनसाहेबांचं. लोकांनी हौसेपायी नद्यांतून इतके उपसले की आज तो आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींत आहे. काकांनी फार्मवर पैदास झालेलेच घेतले. दुकानदाराला तीनदा विचारून, त्याचा चेहरा नीट बघून.

पण वाहत्या पाण्यातला मासा तो. उडी मारणं त्याच्या रक्तात. टाकीला झाकण नव्हतं. एके दिवशी पहाटे काकू रांगोळीला उठल्या. लाल रेड-ऑक्साइडची जमीन, तिच्यावर लाल रेघेचा मासा, दिवा लावलेला नाही. पाय पडता पडता राहिला. मासा तोवर गेलेला होता. आणि ते तिन्ही घरांचं मांजर दारात इतक्या साळसूदपणे बसलं होतं की उरलेले किती, हे काकांना मोजावंच लागलं. त्या दिवसापासून झाकणाचं सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, काच ठेवायची. ठेवली की. काचेच्या तीन पट्ट्या. खालून वाफ धरली, थेंब वाळले, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले आणि दिव्याचा निम्मा उजेड तिथंच अडला. त्यातून पाईप, वायरी, दिव्याची पट्टी सगळं उघड्यावर. शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास माशांची दुकानं आहेत, तिथं तयार प्लास्टिकची झाकणं मिळतात, पण ती तीन-चार फुटी टाक्यांची. सहा फुटी म्हटलं की दुकानदार हसतो. तेव्हा काका म्हणाले, मी लाकडाचं करतो. चौकट, वर छप्पर, पुढे उघडायचं दार, आत दिवे. हॉलमधल्या शिसवी कपाटाला शोभेल असं.

मग लाकूड बघणं आलं. लग्नाला मुलगी बघतानाही इतके फिरले नव्हते, असं काकू म्हणतात. म्हैसूर रोडच्या टिंबर यार्ड लेआउटमध्ये गेले. सागवानाचा भाव ऐकून परत आले. कुणी सिल्व्हर ओक सुचवला. तो कोडगूत कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात, स्वस्तही पडतो. पण तो ओल सोसत नाही. मग स्वारी गेली आपल्याच अठराव्या क्रॉसला, लाकडाच्या संस्थेत. तुम्ही सँकी टँकला फिरायला जाता ना, त्या वाटेवरच. 1938 साली जंगलखात्याची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली जागा. तिथं देशोदेशीच्या लाकडांचे नमुने ओळीनं मांडून ठेवलेत. काका एक झाकण करायचं म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत लाकडांची नावं पाठ करत बसले. घरी येऊन काकूंना म्हणाले, सागवान चौकटीला, मरीन प्लाय पृष्ठभागाला. काकू म्हणाल्या, हे तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता ऐका पातेल्याची गोष्ट. ती गल्लीभर झालीय, पण तुम्ही नवीन.

प्लायवूड दोन जातींचं, वहिनी. साधं असतं त्याचा गोंद युरियाचा. कोरड्या कपाटाला ठीक. मरीनचा गोंद फिनॉलचा, त्यावर आयएस 710 चा शिक्का असतो आणि त्याची 72 तासांची उकळत्या पाण्याची कसोटी असते. आता शिक्का काय, कुणीही मारील. मग काकांनी दुकानातून दोन्हींचे वीतभर तुकडे मागून आणले आणि काकू देवळात गेल्याचं बघून गॅसवर चढवले. कशात? पुरणाच्या पातेल्यात. काकू परत आल्या तर घरभर रसायनाचा वास, पातेल्यात लाकूड शिजतंय आणि काका शेजारी घड्याळ घेऊन उभे. साध्या प्लायचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगत होते. मरीनचा तुकडा मात्र होता तस्सा. काकांना इतका आनंद झाला, की तो तुकडा त्यांनी काकूंच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो घेतला, आणि पातेलंही घेतलं. पातेलं नंतर काकांच्या सरस-गोंदाचं झालं, आणि पाडव्याला नवीन आलं. तरी मी म्हणते, हे घरी करायचं काम नव्हे. विश्वासाच्या दुकानातून पावती घेऊन घ्यावं आणि गप्प बसावं. गॅस काय फुकट येतो?

पहिलं झाकण काकांनी केलं ते एकोणीस मिलिमीटरच्या प्लायमध्ये. व्हर्नियर घेऊन. टाकीच्या काचेपेक्षा आतून जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं. कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटमध्ये कपाटं करणारा राजस्थानी मिस्त्री बघायला आला. तो म्हणाला, दादाजी, एक सूत सोडा. काका म्हणाले, सूत म्हणजे 3.175 मिलिमीटर, एवढं सोडलं तर त्याला काम म्हणत नाहीत. मिस्त्री काही बोलला नाही. चहा प्यायला आणि गेला. अनुभवी माणूस, लाकूड स्वतःच सांगेल, हे त्याला माहीत होतं.

आणि सांगितलंच. प्लाय फारसं हलत नाही, हे खरं, पण चौकट सागवानाची होती आणि खालून रात्रंदिवस वाफ. पावसाळ्याचंही निमित्त लागलं नाही. काही आठवड्यांत झाकण टाकीवर असं बसलं की निघेना. पुढच्या दाराची पियानो बिजागरी कुरकुरायला लागली. शिवाय पाईपसाठी मागे जे भोक पाडलं होतं, त्याच्या कडेला रंग लावायचा राहिला होता. प्लाय पाणी पितं ते धारेतून, वरून नव्हे. तिथं ते फुगलं. आणि सगळ्याचं वजन, दिवे धरून, तीस किलो. रोज माशांना खायला घालायचं म्हणजे दार उघडायचं, ते ठीक; पण काच पुसायची, झाडं कापायची, तर पूर्ण झाकण उचलायला दोन माणसं. काकांची कंबर धरली तेव्हा मलाच जावं लागलं उचलायला.

रंगाच्या बाबतीत मात्र काका शहाणे निघाले. मिस्त्रीनं सुचवलं होतं, वाळवीचं औषध मारून घ्या. त्या औषधांत क्लोरपायरिफॉस असतं बरेचदा, आणि ते माशांना जहर. तांब्याची लाकूड-औषधंही नकोतच. शंख-झिंगे तर तांब्याच्या अंशानंही जातात. वाफेचा थेंब लाकडावरून ओघळून परत पाण्यातच पडणार ना? म्हणून आतून पांढरा एपॉक्सी, म्हणजे उजेडही परत खाली फिरतो, आणि बाहेरून पीयू पॉलिश. मग वास पुरता जाईपर्यंत झाकण अंगणात उन्हात. मांजराला वाटलं, आपल्यासाठी घर आलं.

खरी फजिती झाली एप्रिलमध्ये. बंगळूरला पंखा लागत नाही म्हणून सांगितलं असेल तुम्हाला कुणी; तो काळ गेला. टाकीतलं पाणी 31 अंशांवर गेलं आणि मासे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. काकांनी हवेचा पंप वाढवला, दिवे बंद ठेवले. मग वहीत हिशेब मांडला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात आपण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर वर. हवेचा दाबच मुंबईपेक्षा दहा टक्के कमी, म्हणजे तिथल्यापेक्षा इथं पाण्यात प्राणवायू आधीच कमी. आणि वर हे छप्पर, चहूबाजूंनी बंद. आतली हवा दमट, कोंडलेली. वाफ बाहेर जात नाही तर पाणी थंड होणार कसं? काकांनी दोन पानं भरली. काकूंनी ओट्यावरून एकच विचारलं, दूध तापवताना झाकण घट्ट लावतं का कुणी?

मग एसपी रोडवरून कॉम्प्युटरचे दोन पंखे आले, 12 व्होल्टचे. मागच्या बाजूला बसवून आतली हवा बाहेर ओढायची. दोन अंश उतरले, नाही असं नाही. पण आतली सगळी ओल पंख्यांच्या पोटातून जायची; महिन्या-दोन महिन्यांत ते खरखरायला लागले आणि गंजून बसले. आता काकांना कळलंय की पंखा बाहेर ठेवायचा आणि कोरडी हवा पाण्यावर फुंकायची. पण हवा जायला वाट पाहिजे ना!

तेव्हापासून काका सैरभैर. कब्बन पार्कचं सरकारी मत्स्यालय आहे ना, कस्तुरबा रोडवरचं, 1983 चं? तिथं जाऊन आले. रेल्वे स्टेशनात तो काचेचा बोगदा झालाय 2021 पासून, तोही बघून आले. पण वहिनी, अशा ठिकाणी टाकीचा माथा कुठं दिसतो? तुम्ही लहानपणी मुंबईचं तारापोरवाला बघितलं असेल, 1951 सालचं. आठवतंय का तिथल्या टाक्यांचं झाकण? नाहीच आठवणार. भिंतीत काच, मागे कामगारांची बोळ, वरून सगळं उघडं. बघणाऱ्याला फक्त पाणी दिसतं. घरातल्या टाकीला ती सोय नाही. घरच्या टाकीला चारी बाजूंनी सभ्य दिसावं लागतं.

आणि उत्तर कुठं होतं माहितीये? तुमच्या गेटमधून उजवीकडे वळा, शेवटचा बंगला. हिरवी नेट लावलीय बघा, पाडतायत. त्याच्या खिडक्यांवर पुढे आलेल्या टोकदार लाकडी टोप्या होत्या, उभ्या पट्ट्यांच्या. मंकी टॉप म्हणतात इथं. जुन्या बंगळूरची ओळखच ती. इथं, बसवनगुडीत, रिचमंड टाऊनमध्ये अजून थोड्या दिसतील. 1898 च्या प्लेगनंतर लोक पेठेतून बाहेर पडले, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वाढीला लागली, तेव्हापासूनच्या बंगल्यांवर या असायच्या. ऊन अडतं, पावसाची झड अडते, पण वारा थांबत नाही. आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. काकू आणि मी संध्याकाळी फिरायला निघालो होतो, काका मागून. मजूर एक मंकी टॉप उतरवत होते. काका थांबले. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो तरी तिथंच. परत आलो तर रिक्षाच्या टपावर सागवानाच्या पट्ट्या बांधणं चाललेलं.

चांगला सौदा झाला, मी सांगते. इतक्या वर्षांचं सागवान. त्यानं किती उन्हाळे-पावसाळे बघितले असतील. त्याला आता आकसायचं-फुगायचं फारसं काही उरलेलं नाही. नवीन सागवान घेतलं असतं तर याच्या चौपट पैसे आणि वर्षभर त्याच्या लहरी सांभाळा. एक अडचण होती, जुना रंग. जुन्या तेलरंगात शिसं असतं, त्याचा धुरळा पोटात जायला नको. म्हणून काकांनी तो कोरडा घासला नाही. खाली प्लास्टिक अंथरून, लाकूड ओलं करून, पत्र्यानं खरवडला, तोंडाला मास्क लावून, आणि खरवड पिशवीत बांधली. ते काम मागेच झालं. आज रंधा चाललाय तो उघड्या लाकडावर, काळजी करू नका. तरी तुमच्या नातवाला इकडे भुशात खेळायला पाठवू नका, एवढं म्हणेन.

नवीन छप्पर असं आहे: चौकट सागवानाची, मागची बाजू मोकळी, दोन्ही कडांना आणि माथ्यावर उभ्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट. आतून नायलॉनची बारीक जाळी, म्हणजे मिस केरळनं कितीही झेप घेतली तरी परत घरीच. पुढची दोन दारं तेवढी प्लायची, बारा मिलिमीटरची, आणि या वेळी प्रत्येक धारेला, प्रत्येक भोकाच्या कडेला एपॉक्सी. वजन निम्म्यावर आलं. आणि टाकीभोवती जागा किती सोडली, विचारा. एक सूत! मिस्त्रीला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो परत काही बोलला नाही, परत चहा पिऊन गेला.

पण वाद झालाच. मुठीवरून. दारांना लाकडी मुठी हव्यात. काकांनी चन्नपट्टणच्या आणल्या, म्हैसूर रस्त्यावर साठेक किलोमीटरवर आहे ते. आपल्या काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरवून त्यावर लाखेचा रंग चढवतात. लेथचं काम म्हटल्यावर एचएमटीचा माणूस विरघळणारच. काकू म्हणाल्या, आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत काय कमी आहे? माझ्या माहेरची मूठ लागली पाहिजे. दोन दिवस अबोला. मी मध्ये पडले. म्हटलं, डाव्या दाराला सावंतवाडी, उजव्या दाराला चन्नपट्टण. काकूंनी मान्य केलं, पण डावं दार देवघराच्या बाजूचं, म्हणजे मान सावंतवाडीला. लाखेला ओल लागली की ती पांढुरकी होते, म्हणून मुठी बाहेरूनच, वाफेपासून लांब. हे मात्र काकांचं बरोबर आहे.

विजेचं मला विचाराल तर त्याचीच मला जास्त धास्ती होती. पाणी, वीज आणि म्हातारा माणूस एका ठिकाणी! पण तिथं काकांनी कुठंही काटकसर केलेली नाही. त्या पॉइंटला वेगळा आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. गळती झाली की क्षणात तोडतो. दिवे पाणी न शिरणारे. आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे थेंब ओघळला तरी झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो, प्लगमध्ये जात नाही. तुमच्या मुलानं बाल्कनीत जे कारंजं लावलंय ना, त्याची वायर सरळ प्लगमध्ये उतरते. मी काल पाहिलं. आजच खाली झोळ सोडायला सांगा.

हवा खेळली की पाणी उडणार, हेही आहेच. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून वरून बोअरचं पाणी ओतत राहिलं तर टाकी खारट होत जाते. काका पावसाचं पाणी गाळून ड्रममध्ये धरतात, संपलं की कावेरीचं, तेही रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर. गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली होती: इथं माणसांना पाणी नाही आणि यांना माशांचे चोचले! बोलणारच. 2024 च्या मार्चमध्ये तुम्ही इथं नव्हतात. बोअर आटले, टँकरवाले देवापेक्षा मोठे झाले, पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला होता वॉटर बोर्डानं. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, पाचशे मीटर वर चढवून आणतात हो, ते काय ओतून द्यायला? पण काका टाकीतलं जुनं पाणी ओतून देत नाहीत. दर आठवड्याला शंभरावर लिटर बदलतात आणि ते पाणी भिंतीवरून पाईपनं माझ्याकडे येतं. माझी अबोली, हा कढीलिंब, ही मिरची, सगळं माशांच्या पाण्यावर. खत विकत आणायचं मी बंद केलंय. कुजबुज करणाऱ्यांनाही एकेक कॅन दिला, कुजबुज थांबली. तुम्हाला हवं असेल तर पाईप तुमच्या भिंतीपर्यंत वाढवू, माझं काही जात नाही. फक्त गुरुवारचं पाणी माझं.

तर एकूण असं आहे. माझं मत विचाराल तर पहिलं झाकण दिसायला जास्त सुंदर होतं, हे जास्त शहाणं आहे. काकूंचं मत वेगळं. त्या म्हणतात, पहिल्याच दिवशी मला विचारलं असतं तर वर्ष वाचलं असतं. काका म्हणतात, वर्ष वाचवून मी करणार काय होतो? यावर दोघीही गप्प बसलो.

आता कामाचं. हॉलवर जुनं मद्रास टेरेस आहे, सागवानी तुळयांचं. त्यातल्या एका तुळईला कप्पी लावून छप्पर दोरानं वर घ्यायची सोय करतायत, म्हणजे कंबरेला ताप नाही. रविवारी सकाळी आठला ते चढवायचंय. काकांना शिडीवर चढू द्यायचं नाही, असं मी आणि काकूंनी ठरवलंय, पण त्यांना ते अजून सांगितलेलं नाही. तेव्हा तुमच्या मुलाला पाठवा, आणि येताना तुमची ती अॅल्युमिनियमची शिडी घेऊन यायला सांगा. नाश्त्याला काकूंचे घावणे आहेत. आणि हे सोललेले दाणे घेऊन जा, अर्धे तुमचे आहेत.